शालूबाई बाहेर गेल्यात

फोन वाजला तेव्हा केरबा खाडे मोरीत ताट विसळत बसला होता, आणि वाजणारा फोन आपला नाही हे कळायला त्याला जरा वेळच लागला. त्याचा फोन सदऱ्याच्या खिशात होता आणि गप्प होता. वाजत होता तो फडताळावरचा, मिठाच्या बरणीशेजारचा, बटनांचा. बायकोचा. ती गेल्यापासून त्या फोनवर बहुतेक करून रिचार्ज संपत आल्याचेच मेसेज येत, आणि केरबा दर खेपेला न चुकता कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रिचार्ज मारून येई. दुकानदार एकदा म्हणाला होता, "मामा, कोन बोलतंय आता ह्या नंबरवर?" केरबा "असू दे की" म्हणाला होता आणि सुट्टे पैसे न मोजताच निघाला होता. आज तो फोन वाजत होता, आणि वाजता वाजता फळीवर थरथरत सरकत होता. पडेल म्हणून केरबा ओल्या हातानंच उठला.

"हॅलो," पलीकडून तरुण आवाज आला. त्याच्या मागं बऱ्याच माणसांची बोलणी चालली होती. "शालूबाई केरबा खाडे बोलतायत का?"

नाव असं सबंध, स्वच्छ उच्चारलेलं ऐकलं आणि केरबानं फोन कानाशी घट्ट धरला. उभ्या संसारात त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. आधी 'अगं', 'ऐकलंस का', आणि पोरगी झाल्यावर 'अनूची आई', एवढ्यावर भागत आलं होतं. ते नाव रेशनकार्डावर होतं आणि तिच्या माहेरच्यांच्या तोंडी होतं. मंगळवार पेठेतल्या या दोन खोल्यांत ते कधी कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आणि हा कोण माणूस भर दुपारी तिला नावानं विचारत होता.

"हाय की," केरबा म्हणाला. "भाईर गेलीया. तुमी कोन?"

"सर, मी राजवीर, हेड ऑफिसमधून बोलतोय. मॅडमचं अभिनंदन करायला फोन केला. लकी ड्रॉमध्ये त्यांना गाडी लागली आहे. आमचं पत्र मिळालं असेल ना?"

"तिच्या नावाचं काय तरी आलंय टपालानं. फोडलं न्हाय."

"मग मॅडम आल्या की बघायला सांगा. उद्या करतो मी फोन. आणि सर, पेढे तयार ठेवा."

"ठेवतो की. पावणं, जेवलासा का तुमी?" केरबानं विचारलं. पलीकडचा जरा गडबडला, हो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. केरबानं फोन फळीवर, जरा आत सरकवून ठेवला.

आपण असं का बोललो याचा विचार त्यानं लगेच केला नाही. ताट पुरं विसळून पालथं घातलं, पंच्याला हात पुसले, खाटेवर येऊन बसला, आणि तिथं त्या विचारानं त्याला गाठलं. खोटं बोललो असं मात्र वाटेना. वाक्य तोंडातून इतकं आपसूक आलं होतं की खरं तेच असावं. सगळी उमर त्यानं पाणीखात्यात चावीवाला म्हणून काढली होती. लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडायचं, पाइपांचे वॉल फिरवायचे, नळांना पाणी सोडायचं. त्या कामातलं निम्मं काम म्हणजे लोकांच्या फोनला उत्तरं देणं. केरबा, पाणी कुठंय? सोडलंय की वैनी, येतंय, दाब धराय वेळ लागतोय. सोडलेलं असो नसो, उत्तर तेच. त्यात कुणाला फसवायचं नव्हतं. बाई कळशी घेऊन नळापाशी उभी असते. तिला नाही म्हटलं की ती खचते आणि येतंय म्हटलं की उभी राहते, एवढं त्याला कळत होतं, आणि पाणी शेवटी येतच असे. फोनवर 'नाही' म्हणायची सवयच त्याच्या जिभेला उरली नव्हती. कुणी आहे का म्हणून विचारलं तर आहे म्हणायचं, येतंय म्हणायचं. पुढचं पुढं.

आणि चूक दुरुस्त करायला जागा होती म्हणावं, तर तोवर त्या माणसानं गोड बातमी सांगून टाकली होती. गोड बातमी घेऊन दारात आलेल्याला वाईट बातमी ऐकवायची नाही, ही केरबाच्या घरची रीत. तो लहान असताना त्याचा आजा एका सकाळी गेला, आणि अजून कुणाला सांगावाही धाडला नव्हता तोच गारगोटीचा मावसभाऊ पोरगा झाल्याचे पेढे घेऊन दारात उभा राहिला. आईनं त्याला सोप्यातच बसवलं, पाणी दिलं. "मामंजी निजल्यात," म्हणाली. पेढा हातात घेतला, तोंडात घातला आणि गिळला. आतल्या खोलीत बायका तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. मावसभाऊ अजून दोन घरी पेढे द्यायचेत म्हणून हसत हसत उठून गेला. तो गल्लीच्या तोंडाशी गेला तेव्हा कुठं आईनं हंबरडा फोडला. केरबाला तो हंबरडा आठवत नव्हता. पेढा उतरताना आईचा गळा वरखाली झाला होता, तेवढा आठवत होता.

खरं तर 'ती गेली' हे वाक्य केरबानं अजून एकदाही, कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायची पाळीच आली नाही. गौरी-गणपतीच्या आधी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तो उभा होता, नर्सनं मेहुण्याला बाजूला घेतलं, मेहुण्यानं केरबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग लगेच खिशातून फोन काढला. सगळ्यांना त्यानंच कळवलं. अनुजाला, केरबाच्या एकुलत्या एका लेकीला, जयसिंगपूरला फोन केला तोही त्यानंच. केरबाच्या हातात कुणीतरी चहाचा पेला दिला होता आणि तो गार होईपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. मग घरी आणल्यावर हिरवं लुगडं, मळवट, हातभर चुडा. बायका एकमेकींना म्हणत होत्या, भाग्याची गं, सवाष्ण गेली. केरबा अंगणात पाटावर बसून हे ऐकत होता आणि भाग्य नेमकं कुणाचं चाललंय हे त्याला समजत नव्हतं. त्यानंतर जो येई तो आधीच ऐकून आलेला असे. केरबानं नुसती मान हलवायची. मान हलवून हलवून त्याचा मानेचा काटा ढिला झाला, पण तोंड उघडायची वेळ आली नाही.

आता त्यानं तोंड उघडलं होतं आणि निघालं होतं, भाईर गेलीया. त्या संध्याकाळी घरात जरा हलकं वाटलं, हे केरबानं मनाशी कबूल केलं. मेलेल्या माणसाचं घर आणि बाहेर गेलेल्या माणसाचं घर यांत फरक असतो. बाहेर गेलेल्या माणसाच्या घरात आवाज ऐकायला कान टवकारलेले असतात, दुधावर झाकण असतं, दार नुसतं लोटलेलं असतं. केरबानं कडी घातली नाही. शेजारची धोंडुबाई वाटीतनं आमटी घेऊन आली तेव्हा दार ढकललं आणि उघडलं म्हणून तिलाच दचकायला झालं. "कडी तरी घालावी की वो भावजी," ती म्हणाली. "घालतो," केरबा म्हणाला आणि घातली नाही. या सगळ्याचा त्याला थकवाही येत होता. पण गेले कितीतरी महिने होता तसला तो नव्हता. बसून बसून येणारा नव्हता, वाट बघून येणारा होता. वाट बघण्याचा थकवा त्याच्या ओळखीचा होता.

मग त्यानं पत्र काढलं. फोडायला त्याला संकोच वाटला, कारण ते तिच्या नावाचं होतं, पण बोटं आत गेलीच. गुळगुळीत कागद, वर गाडीचं चित्र, खाली गोल निळा शिक्का आणि कुणा जनरल मॅनेजरची लांबलचक सही. 'भाग्यवान विजेत्या श्रीमती शालूबाई केरबा खाडे.' श्रीमती वाचून केरबाला थोडं हसू आलं. हे तिनं बघितलं असतं तर आधी त्या मॅनेजरचा उद्धार केला असता. सौ. लिवाय काय धाड भरलीया मेल्यास्नी, माझा धनी जित्ता हाय की. लग्नपत्रिकेवर कुणी चुकून श्रीमती टाकलं तर ती त्या लग्नाला जेवायला जात नसे. नवरा असताना बाईच्या नावामागं एक अक्षर असतं आणि नवरा गेला की ते बदलतं, म्हणजे कागदावर बघणाऱ्याला कळतं. बायको गेल्यावर पुरुषाच्या नावाचं काही होत नाही. केरबा खाडे काल होता तसाच आजही केरबा खाडे. त्याला बघून कुणाला काय कळणार.

तर ते पत्र खोटंच असेल असं त्याला पहिल्या दिवशी वाटलं नाही, आणि त्याला कारण होतं. तिनं कूपन भरलं होतं. गुढीपाडव्याच्या आधी महाद्वार रोडला साडीच्या दुकानात भरलं होतं, रंकाळ्याजवळच्या प्रदर्शनात भरलं होतं, मिक्सर घेतला तेव्हा भरलं होतं. कूपन म्हटलं की ती काउंटरला टेकून उभी राहायची, चष्मा काढून पदरानं पुसायची, पेन मागायची आणि एकेक अक्षर सुटं सुटं लिहून आपलं नाव पुरं करायची. मागच्या बाईला खोळंबा झाला तरी ती हलत नसे. केरबा बाहेर उन्हात गाडीवर बसून चडफडायचा. "कशाला नंबर वाटत फिरतीस सगळ्यास्नी," असं तो दर वेळी म्हणायचा आणि ती दर वेळी म्हणायची, "लागलं तर तुमच्या बाचं काय जातंय?" लागलं मात्र कधी नाही. एकदाच, हळदीकुंकवाच्या खेळात, प्लॅस्टिकची बादली लागली होती. त्या बादलीत तिनं कधी धुणं भिजवलं नाही. ती बक्षिसाची बादली होती. केरबाला आता वाटलं, ती बक्षिसासाठी कूपन भरतच नसावी. स्वतःचं नाव लिहायला तिला दुसरी जागा कुठं होती. आणि मग वाटलं की असं असेल तर एखादं खरंच लागलेलं असायला काय हरकत आहे, ती नसताना का होईना.

पत्राच्या खालच्या कोपऱ्यात एक चंदेरी चौकोन होता. 'येथे खरवडा.' केरबानं नखही लावलं नाही. कूपन तिचं, खरवडायचं तिनं. त्यानं कागद घडी घालून मिठाच्या बरणीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी राजवीरचा फोन आला तेव्हा केरबानं तो पहिल्याच घंटीला उचलला. मॅडम? देवळात गेल्यात, अंबाबाईच्या. गर्दी असनार. राजवीर हसला, म्हणाला चांगलं आहे, देवीचे आभार मानायलाच पाहिजेत. मग त्याचा आवाज कामाला लागला. गाडी नको असेल तर तेवढे पैसे मॅडमच्या खात्यावर जमा होतील. थोडा टॅक्स लागेल, पण तो आधी कापून नंतर परत मिळतो. ड्रॉ गुप्त असतो, तेव्हा सर, कुणाला, अगदी मुलाबाळांनाही सांगू नका, नाहीतर नंबर रद्द होतो. आणि आजच करावं लागेल, कारण यादी आज बंद होतेय. मॅडमचं बँकेचं कार्ड जवळ आहे का? फक्त त्यावरचा नंबर सांगायचा.

कार्ड तिच्या बटव्यात होतं, बटवा ट्रंकेत, आणि ट्रंक केरबानं तिचा मृत्यूचा दाखला आत ठेवल्यापासून उघडली नव्हती. आता उघडायला कारण मिळालं. अनूची आई बाहेर गेली आहे आणि तिच्या कामासाठी बटवा लागतोय, इतकं साधं कारण. बटव्यात सेफ्टी पिनांचा जुडगा होता, अंगाऱ्याची पुडी होती, खोकल्याच्या गोळीचा चिकटलेला कागद होता, कुणाच्या तरी ब्लाऊजची मापं लिहिलेली चिठ्ठी होती. ती घरी ब्लाऊज शिवायची आणि त्यातलं जे उरे ते बँकेत टाकायची, अनूच्या पोरीच्या शिक्षणासाठी. केरबा एकेक वस्तू काढून मांडीवर ठेवत होता, पलीकडून राजवीर "सर? सर?" करत होता, आणि केरबा म्हणत होता, "थांबा की जरा, हितं लई सामान हाय." मग कार्ड हाताला लागलं. त्यावरचे आकडे त्यानं सावकाश वाचून दाखवले. तारीख वाचली. मागचेही आकडे वाचले. वाचताना त्याला बरं वाटत होतं. तिच्याबद्दल कुणीतरी इतकं बारकाईनं विचारत होतं आणि तो सांगू शकत होता.

फोन ठेवल्यावर कधीतरी, बटवा परत भरताना, ते त्याच्या ध्यानात आलं. घाव बसल्यासारखं नाही; वॉल बंद केल्यावर पाइपातला आवाज हळूहळू थांबतो तसं. पत्रावरचा चौकोन अजून खरवडलेलाच नव्हता. आत काय निघालंय हे तिलाही माहीत नाही, मलाही नाही, मग गाडी लागली हे त्याला कुणी सांगितलं? केरबानं पत्र काढून त्या चंदेरी चौकोनाकडं बघितलं. एकदा एवढं सुटल्यावर बाकीचं सुटायला वेळ लागला नाही. बक्षीस द्यायचं तर घेणाऱ्याकडून टॅक्स का? गोड बातमी कुणाला सांगू नका असं कोण म्हणतं? आणि तो आवाज. आजच होतंय, आत्ताच होतंय, जरा थांबा, परत मिळणार आहे. त्या आवाजाला केरबानं उलट्या बाजूनं ओळखलं. येतंय, दाब धरायला वेळ लागतोय. फरक इतकाच की केरबाच्या पाइपात कुठंतरी पाणी असे.

म्हणजे तो फसला होता, किंवा फसत होता, आणि हे त्याला कळलं होतं. कळल्यावर माणूस उठून काहीतरी करतो. केरबा बसून राहिला. त्याला भीती वाटली, लाजही वाटली, पण उठायला जेवढी लागते तेवढी नाही. बँकेत जायचं म्हणजे खिडकीवरच्या बाईला सांगावं लागणार, खातं कुणाचं? बायकोचं. मग त्या कुठं आहेत? आणि मग ते वाक्य. मृत्यूचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यानं ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता आणि इतके दिवस बँकेला दिला नव्हता. अनुजा दर वेळी विचारायची, तो म्हणायचा, देतो, जातो, हितंच हाय की बँक. तिथं अजून शालूबाई खातेदार होत्या. तिच्या नावावर व्याज पडत होतं. तिच्या नावानं नवीन वर्षाच्या शुभेच्छांचा मेसेजही आला होता. जगात एक तरी खिडकी अशी होती जिथं ती अजून गेलेली नव्हती, आणि ती आपल्या हातानं लावून घ्यायचं केरबाच्या जिवावर येत होतं.

रविवारी अनुजाचा फोन आला. ती तिकडं शाळेत शिकवायची आणि बापाशी बोलतानाही वर्गातल्यासारखी एकेक गोष्ट उरकत जायची. जेवलासा का, गोळ्या घेतल्या का, धोंडुमावशी येतीया का. मग म्हणाली, "आबा, दाखला दिला का बँकेत?"

"देतो की."

"आन् आईचा नंबर बंद करा बघू आता. कशापायी रिचार्ज मारताय? तसले नंबर चोरांच्या हातात पडत्यात. हितं आमच्या मामंजींच्या मैतराला फसवलं की परवा. असंच पत्र आलं, खरवडायचं कार्ड, मग फोनवर फोन."

"मग?"

"मग काय, गोड बोलून कार्डाचा नंबर घेतला, त्यांच्या मोबाईलवर कोड आला, त्यो सांगितला आन् खातं रिकामं. बक्षीस द्यायला कोन कार्डाचा नंबर मागतंय व्हय?"

"कूपन खरंच भरलं असलं तर?"

"भरलं असलं तरी. कोड कुनालाच सांगायचा न्हाई. नंबर दिलाच असला तर त्याच घटकेला बँकेला सांगून कार्ड बंद करायचं आन् एकोणीसशे तीसला, पोलिसांच्या नंबरावर, फोन लावायचा. वाट बघत बसायचं न्हाई." मग तिचा आवाज बदलला. "आबा, तुमास्नी आलता का असला फोन?"

"मला कोन करतंय फोन," केरबा म्हणाला, आणि ते खरंच होतं.

सांगायला हवं होतं. लेकीच्या लेकराच्या शिक्षणाचा पैसा होता तो, बायकोनं डोळे फोडून टाके घालून साठवलेला. केरबाला हे समजत होतं आणि तो स्वतःवर चिडलाही. पण सांगायचं म्हणजे सुरुवात कुठून करणार? मी एका माणसाला सांगितलं की तुझी आई देवळात गेलीया. हे ऐकून पोरगी काय म्हणाली असती? तिनं वेळ न दवडता बापाला जयसिंगपूरला नेऊन ठेवलं असतं आणि घराला कुलूप पडलं असतं. मग या घरात बाहेरून कोण येणार, आणि येऊन कडी कुठली वाजवणार. असले विचार करता करता तो दमून गेला.

सोमवारी तो जेवला नाही. फोन फडताळावरून काढून त्यानं खाटेवर, शेजारी ठेवला होता. वाजला तेव्हा त्यानं उचलू नये असं त्याला वाटलं आणि तोवर त्यानं तो उचललाही होता.

"काका," राजवीर म्हणाला. सरांचे काका झाले होते. "आज काम संपवून टाकू. मॅडमच्या मोबाईलवर आत्ता एक कोड येईल. तेवढा वाचून दाखवा, पैसे जमा."

फोन कानाशीच थरथरला. केरबानं तो समोर धरला, चष्मा वर केला. आकडे आले होते, एका ओळीत, आणि त्यांच्याखाली हा कोड कुणालाही सांगू नका असं लिहिलं होतं. बँकसुद्धा तेच म्हणत होती, लेकही तेच म्हणत होती, त्याचं स्वतःचं डोकंही तेच म्हणत होतं. तरी त्याला वाटलं, सांगून टाकावं. सांगितलं की सगळं संपेल, पैसा जाईल, खातं जाईल, फोन यायचे थांबतील, आणि यातलं काहीच आपल्याला तोंडानं बोलावं लागणार नाही. दुसऱ्यानं परस्पर उरकून टाकलेलं असेल. दर वेळी उरकलं होतं तसंच.

"काका, आला ना? वाचा की."

"तिला इचारल्याबगार कसं सांगू?" केरबा म्हणाला. हे त्यानं टाळायला म्हटलं नव्हतं. मनापासून म्हटलं होतं. "तिचं हाय ते."

पलीकडं जरा श्वास सोडल्याचा आवाज झाला. "अहो काका, मॅडमशी माझं बोलणं झालंय."

"कवा?"

"आज सकाळीच. त्यांनीच सांगितलं मला, मिस्टरांकडे फोन आहे, त्यांच्याकडून कोड घ्या."

केरबानं हसायला हवं होतं. चोर आपल्याच तोंडानं सापडला होता, यापेक्षा उघडं ते काय असणार. पण केरबा खाटेवर ताठ बसला. सकाळी बोलली. याच्याशी बोलली. क्षणभर, आणि तो क्षण चांगला लांबला, त्याला त्या पोराचा हेवा वाटला.

"काय म्हनली?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"आनी काय म्हनली ती? माझं काय इचारलं का?"

"हो, हो. विचारलं की." राजवीर शोधत होता. त्याच्या मागं कुणीतरी दुसऱ्याच कुणाचं तरी अभिनंदन करत होतं. "म्हणाल्या, त्यांना म्हणावं काळजी करू नका."

"कशाची?"

"पैशाची."

केरबानं फोन कानाशी दाबला. अजून काही येईल म्हणून त्यानं वाट बघितली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिच्या तोंडावर नळी होती आणि ती काहीतरी सांगू बघत होती, हातानं खुणा करत होती, आणि ते त्याला कळलं नव्हतं. तेव्हापासून तो अंदाज करत होता. गॅस बंद केलाय का, असेल. अनूला बोलवा, असेल. तुमी जेवलासा का, असेल. पैशाची काळजी करू नका, हे तिनं जित्तेपणी कधी म्हटलं नव्हतं. हे ती नव्हतीच. या फोनमध्ये ती कुठंच नव्हती, सकाळी नव्हती, देवळात नव्हती, आणि आता हे एकाला तरी सांगणं भाग होतं, नाहीतर हे पोरगं तिच्या तोंडी वाट्टेल ते घालत बसलं असतं.

"ती न्हाय," केरबा म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "ती गेली. गौरीच्या आदी गेली दवाखान्यात. शालू गेली माझी."

पलीकडची बोलणी एकदम बंद झाली. राजवीरनं बहुतेक हात ठेवला असावा फोनवर. मग तो परत आला, आणि त्याचा आवाज मऊ झाला होता, अगदी घरच्यासारखा. "सॉरी काका. खूप वाईट झालं. मग असं करू, वारस म्हणून तुमच्या नावावर करून देतो. मृत्यूचा दाखला असेल ना? तो फोटो काढून पाठवा, आणि आधी तो कोड तेवढा..."

केरबानं लाल बटन दाबलं. जगात हे सांगितलं ते पहिल्यांदा एका चोराला, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला त्याची शिसारी आली. फोन परत वाजायला लागला. त्यानं तो वाजू दिला, ट्रंक उघडली, बटवा बाजूला सारला, तळातली प्लॅस्टिकची पिशवी काढून काखेत धरली आणि खिशातून स्वतःचा फोन काढून लेकीला लावला. शाळेची वेळ होती. तरी तिनं उचलला.

"आबा? काय झालं?"

"आईच्या कार्डाचा नंबर सांगून बसलोय मी एकाला. कोड न्हाय सांगितला."

ती ओरडली नाही. आवाज मात्र भराभर यायला लागला. मी हितनं बँकेला लावते, कार्ड बंद करते. तक्रारबी करते. तुमी रिक्षा करा, दाखला घ्या आन् सरळ बँकेत जावा. मी एसटीनं येतीया. कुनाचा फोन उचलू नका. ऐकताय न्हवं?

"ऐकतोय. तितं गेल्यावर काय सांगू?"

"सांगा की..." अनुजा थांबली. "सांगा, खातेदार..." आणि पुन्हा थांबली.

"अनू," केरबा म्हणाला, "तुझी आई गेली गं."

पलीकडं पोरांचा कालवा होता. तो हळूहळू लांब गेला. ती वर्गाबाहेर आली असावी. "व्हय आबा," ती म्हणाली. रिक्षा करायची होती, एसटी गाठायची होती, आणि दोघांतल्या कुणालाच फोन ठेवता येत नव्हता.